क्राइम मालिकेत कोण मरणार, कोण सुटणार? अंदाज बांधायची रीत

आधी एक सूचना. खाली ‘ब्रेकिंग बॅड’, ‘बेटर कॉल सॉल’, ‘द सोप्रानोज’, ‘द वायर’, ‘नार्कोस’ आणि जुन्या ‘डॅलस’मधल्या पात्रांचं काय झालं ते उघडपणे लिहिलं आहे. यातली एखादी बघायची राहिली असेल तर आधी ती बघा, मग हे वाचा.

अंदाज सगळेच करतात. ‘मला वाटतं हा पुढच्या भागात जाणार’ असं म्हणायला काहीच लागत नाही. त्या वाक्याखाली पडद्यावरचा पुरावा ठेवता आला आणि ते कधी खोटं ठरेल हेही आधीच सांगता आलं, तरच ती थिअरी. ही शिस्त पाळली की मालिका बघण्यातली गोडी दुप्पट होते, कारण लेखकाने पेरलेलं बी उगवण्याआधीच दिसायला लागतं.

प्रश्न नीट मांडा

बहुतेकांचं पहिल्याच पायरीवर चुकतं. ते विचारतात, ‘मरणार की वाचणार?’ क्राइम मालिकेत पात्राच्या वाट्याला निदान सहा प्रकारचे शेवट येऊ शकतात: मरण, तुरुंग, नाव बदलून परागंदा होणं, माफीचा साक्षीदार होऊन संरक्षणात जाणं, सगळं गमावून साधंसुधं जगत राहणं, आणि गुन्ह्यात आणखी वर चढणं. सातवा प्रकार म्हणजे मुद्दाम मोकळा सोडलेला शेवट.

‘बेटर कॉल सॉल’मधल्या किम वेक्सलरचं उदाहरण घ्या. कथेच्या काळानुसार नंतर घडणाऱ्या ‘ब्रेकिंग बॅड’मध्ये किम कुठेच नाही, म्हणून अनेकांनी तिचं मरण गृहीतच धरलं होतं. प्रत्यक्षात ती फ्लोरिडात स्प्रिंकलर विकणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात नोकरी करताना सापडली. आणि मालिकेचा नायक, वकील सॉल मेला नाही, सुटलाही नाही. साडेसात वर्षांची तडजोड हातात असताना त्याने स्वतःच ती मोडली आणि ८६ वर्षांची शिक्षा पत्करली. फक्त ‘जगणार-मरणार’ एवढाच हिशेब केला असता तर हे दोन्ही शेवट नजरेतून निसटले असते. म्हणून प्रत्येक पात्रापुढे हे सगळे पर्याय लिहा आणि मग एकेक खोडत जा.

वही कशी ठेवायची

साधी रेघी वही किंवा स्प्रेडशीट, काहीही चालेल. प्रत्येक मुख्य पात्राला एक पान द्या. आठ-दहा पानांच्या पुढे जाऊ नका. त्याहून जास्त पात्रं नीट सांभाळली जात नाहीत. पानावर चार गोष्टी हव्यात: त्याला काय हवंय, तो कुणाचं देणं लागतो, त्याच्या हाताशी कोणती वस्तू आहे (बंदूक, टेप, पैशाची पिशवी, दुसरा फोन), आणि त्याच्याबद्दल कुठली गोष्ट दाखवून अर्धवट सोडली आहे.

याच्या जोडीला एक वेगळा तक्ता करा, आणि खरं काम हाच तक्ता करतो: ‘कुणाला काय माहीत आहे’. आडव्या ओळींत पात्रं, उभ्या रकान्यांत गुपितं. पात्राला गुपित कळलं की त्या चौकटीत सीझन, भाग आणि मिनिट लिहा. अर्धवट कळलं असेल, किंवा पुरावा डोळ्यांसमोर येऊनही अर्थ लागला नसेल, तर पेन्सिलीने टिंब द्या.

ही पेन्सिलीची टिंबं जपा. ‘ब्रेकिंग बॅड’ ही वॉल्टची गोष्ट, अमली पदार्थ बनवायला लागलेल्या रसायनशास्त्राच्या शिक्षकाची. चौथ्या सीझनमध्ये त्याचा साडू हँक, जो अमली पदार्थविरोधी अधिकारी आहे, त्याने वॉल्टचा मेलेला मदतनीस गेल याची प्रयोगवही पाहिलेली असते. हस्ताक्षर त्याला ठाऊक असतं, ‘डब्ल्यू. डब्ल्यू.’ या आद्याक्षरांबद्दल तो वॉल्टशी बोलतोसुद्धा. हे एक टिंब. गेलने भेट दिलेलं, त्याच हस्ताक्षरातला मजकूर असलेलं पुस्तक वॉल्टच्या घरात आहे, हे दुसरं टिंब. दोन्ही टिंबं एकाच रकान्यात दिसली की हँकला कसं कळणार हे जवळपास ठरतं, फक्त केव्हा एवढंच बाकी राहतं. पाचव्या सीझनच्या आठव्या भागात हँक वॉल्टच्या बाथरूममध्ये बसून ते पुस्तक उघडतो आणि पेन्सिलीच्या टिंबाची शाई होते. क्राइम मालिकेत पात्राचं नशीब बहुधा गोळीने पालटत नाही. कुणाला तरी काहीतरी कळतं तेव्हा पालटतं. म्हणून कोण मरणार हे शोधण्याआधी कुणाला काय कळणार ते शोधा.

भाग बघायचा कसा

पहिल्यांदा सरळ बघा. थांबवू नका, वही उघडू नका. दिग्दर्शकाला तुमचं लक्ष कुठे न्यायचं होतं हे पहिल्याच बघण्यात कळतं, आणि पुढे ते फार उपयोगी पडतं: लक्ष जिथे नेलं नव्हतं तिथे दुसऱ्यांदा बघायचं असतं.

दुसऱ्यांदा बघताना मूळ भाषेतली सबटायटल लावा. अनुवादातली सबटायटल आणि डबिंग पुराव्याला धरू नका, कारण अनुवादक वाक्य आटोपशीर करताना नेमका ‘बहुतेक’ किंवा ‘तेव्हा’सारखा शब्द गाळतो आणि तुमची अख्खी थिअरी त्या शब्दावर उभी असते. नोंदी घेत ५० मिनिटांचा भाग बघायला साधारण दीड तास लागतो. तेवढा वेळ नसेल तर भागाची पहिली पाच मिनिटं, शेवटची दहा मिनिटं आणि दोनच पात्रं बंद खोलीत बोलत असलेले प्रसंग एवढं तरी पुन्हा बघा. तिसऱ्यांदा बघायचं ते निवडक प्रसंग, आणि आवाज बंद करून. आवाज गेला की कॅमेरा कुणाच्या चेहऱ्यावर रेंगाळतो ते स्वच्छ दिसतं. समोरचा बोलत असताना ऐकणाऱ्याचा चेहरा बराच वेळ दाखवला असेल तर पुढची चाल बहुतेक ऐकणाऱ्याची असते.

भागाच्या सुरुवातीचा ‘आतापर्यंत काय घडलं’ हा तुकडा कधीही वगळू नका. दोन सीझनपूर्वीचं एखादं किरकोळ पात्र अचानक त्यात दिसलं तर ते त्याच भागात कामाला येणार, हे जवळपास नक्की. मालिकेबाहेर न जाता मिळणारा इतका भक्कम पुरावा दुसरा नाही. पुढच्या भागाचा ट्रेलर मात्र याच्या उलट. त्यात एका प्रसंगातला प्रश्न आणि दुसऱ्या प्रसंगातला चेहरा एकमेकांना जोडलेले असतात. ट्रेलरमधून फक्त जागा, कपडे आणि जखमा टिपा. संवाद सोडून द्या.

धागा की चूक?

पेला एका शॉटमध्ये भरलेला, दुसऱ्यात रिकामा. घड्याळात वेगळीच वेळ. यावर लोक तासन्‌तास घालवतात, आणि बहुतेक वेळा ती चित्रीकरणातली चूक असते. पारखायची खूण साधी आहे: लेखकाला एखादी वस्तू तुम्हाला दाखवायचीच असेल तर तो ती एकटीच चौकटीत आणतो, क्षणभर जास्त ठेवतो, आणि कुणीतरी पात्र तिच्याकडे बघतं. या तीनपैकी दोन गोष्टी असतील तर वहीत घ्या. एकही नसेल तर विसरा.

भागांची नावंही तपासा. ‘ब्रेकिंग बॅड’च्या दुसऱ्या सीझनमधल्या पहिल्या, चौथ्या, दहाव्या आणि तेराव्या भागाची नावं ओळीने वाचली की ‘सेव्हन थर्टी-सेव्हन डाउन ओव्हर एबीक्यू’ असं वाक्य तयार होतं, म्हणजे ७३७ विमान अल्बुकर्कीवर कोसळलं. हेच चार भाग कृष्णधवल दृश्याने उघडतात. पोहण्याच्या तलावात अर्धं जळालेलं गुलाबी अस्वल, आणि वॉल्टच्या घरासमोर मृतदेहांच्या पिशव्या. त्या पिशव्या पाहून घरातच कुणीतरी मेलं असणार असं वाटतं. चित्रं सगळी खरी होती, फक्त अपघात आकाशात झाला होता. दाखवलेलं दृश्य खोटं नसतं. आपण त्याला जो अर्थ चिकटवतो तो तपासायचा असतो.

आधी बंद दारं शोधा

पुढे काय होईल याआधी काय होऊच शकत नाही ते लिहून काढा. हे काम कोरडं वाटतं, पण अर्धा अंदाज इथेच जमतो.

‘ब्रेकिंग बॅड’चा पाचवा सीझन १५ जुलै २०१२ ला सुरू झाला तो एका हॉटेलातल्या प्रसंगाने. वॉल्टच्या डोक्यावर केस, दाढी वाढलेली, समोरच्या ताटात तो बेकनच्या पट्ट्या मोडून ५२ हा आकडा लावतो. गाडी न्यू हॅम्पशायरची, नाव लॅम्बर्ट. मग पार्किंगमध्ये एका गाडीच्या डिकीत एम-६० मशीनगन. मालिकेच्या पहिल्या भागात तो पन्नाशीचा होतो. या एवढ्याशा प्रसंगातून काय बंद झालं बघा: बावन्नाव्या वाढदिवसाआधी तो मरत नाही, त्या वेळी तुरुंगात नसतो, घरी राहत नसतो, आणि त्याचं खरं नाव वापरण्याजोगं राहिलेलं नसतं. चार दारं बंद, तीही पहिल्याच प्रसंगात.

याच सीझनमध्ये उद्‌ध्वस्त घरात येऊन विजेच्या बोर्डामागे लपवलेली रायसिन या विषाची कुपी तो काढून घेताना दिसतो. आता वस्तूंनाच प्रश्न विचारा. मशीनगन एका माणसासाठी कुणी आणत नाही, ती टोळीसाठी. रायसिनचा परिणाम दिसायला बराच वेळ लागतो, मरण तर काही दिवसांनी येतं. त्यामुळे समोरासमोरच्या झटापटीत त्याचा उपयोग नाही. ते अशाच माणसाला देता येतं ज्याचं खाणंपिणं ठरलेलं आहे आणि ज्याला त्या क्षणी संशय येणार नाही. या दोन अटी लावून पात्रांची यादी चाळली की नावं झपाट्याने कमी होतात. शेवटी ते विष गेलं वॉल्टच्या धंद्यातली भागीदार लिडिया हिच्या चहातल्या स्टीव्हियात, म्हणजे साखरेऐवजी घालायच्या पुडीत. ठरलेली जागा, ठरलेली वेळ आणि ठरलेली पुडी, यांनीच तिचा घात केला.

खऱ्या घटनांवरच्या मालिकेत काही दारं इतिहासानेच बंद केलेली असतात. कोलंबियाचा ड्रगमाफिया पाब्लो एस्कोबार २ डिसेंबर १९९३ रोजी मेदेयीन शहरात मारला गेला, तेव्हा ‘नार्कोस’मध्ये तो निसटेल का यावर डोकं शिणवण्यात अर्थ नव्हता. अशा मालिकेत अंदाज करायचा तो नाव बदललेल्या किंवा दोन-तीन खऱ्या माणसांना मिळून बनवलेल्या पात्रांचा. लेखकाचे हात तिथेच मोकळे असतात.

एक सावधगिरी. संवादातून कळतं ते फक्त बोलणाऱ्याला काय वाटतं एवढंच. ‘ब्रेकिंग बॅड’मध्ये सॉलचं अपहरण होतं तेव्हा तो घाबरून ड्रग टोळीतल्या इग्नासिओवर ढकलतो आणि त्याच टोळीतल्या लालोने पाठवलं का असं विचारतो. यावरून लालो तेव्हा जिवंत असणार असं धरून चाललेले लोक चुकले. लालो त्याच्या कितीतरी आधी मेला होता. सॉलच्या मनातली भीती तेवढी जिवंत होती. दृश्य हा पक्का पुरावा, संवाद हा कच्चा.

पात्राचं काम उरलंय का?

बंद दारांनंतर प्रत्येक पानावर हा प्रश्न लिहा: हे पात्र आज गेलं तर कोणता धागा तुटेल, जो दुसरं कुणीच पुढे नेऊ शकत नाही? उत्तर ‘कोणताच नाही’ असेल तर धोका मोठा. उत्तर ‘मुख्य गुपित फक्त त्यालाच माहीत आहे’ असेल तर दोन शक्यता: ते गुपित आधी दुसऱ्याकडे जाईल आणि मग तो जाईल, किंवा ते पोहोचवायच्या वाटेवरच जाईल. पोलिसांकडे जायचं ठरवलेल्या माणसाला नेहमी या तराजूत तोला.

मरण नेमकं कोणत्या भागात येतं यालाही लय असते. ‘द वायर’मध्ये वॉलेस पहिल्या सीझनच्या तेरापैकी बाराव्या भागात गेला, स्ट्रिंगर बेल तिसऱ्या सीझनच्या बारापैकी अकराव्या. ‘द सोप्रानोज’मध्ये एड्रियाना पाचव्या सीझनच्या तेरापैकी बाराव्या भागात. कारण उघड आहे: शेवटचा भाग त्या मरणाचे परिणाम दाखवायला लागतो. म्हणून शेवटून दुसऱ्या भागाला जास्त वजन द्या, पण नियम समजू नका. ‘ब्रेकिंग बॅड’मधला गस फ्रिंग चौथ्या सीझनच्या अगदी शेवटच्या भागात गेला.

आणि त्या मालिकेचं जग कसं चालतं ते विसरू नका. ‘द वायर’मधला ओमार लिटल कुठल्या तरी मोठ्या शत्रूशी झुंजत मरेल असंच वाटत होतं. पाचव्या सीझनच्या दहापैकी आठव्या भागात, दुकानात सिगारेट घेत असताना, केनार्ड नावाच्या पोराने त्याला मागून गोळी घातली. ज्या मालिकेने पाच सीझन हेच सांगितलं की रस्ता कुणाच्या मोठेपणाची कदर करत नाही, तिथे हेच मरण खरं होतं. मालिका न्याय करणारी आहे की निष्ठुर, योगायोग चालवून घेते की नाही, हे पहिल्या सीझनमधून ठरवा आणि पुढचे अंदाज त्याच मापाने करा.

निवृत्तीची भाषा, ‘हे शेवटचं काम’, अचानक दाखवलेलं बालपण, गर्भवती बायको या खुणांना फार किंमत देऊ नका. लेखकांनाही त्या पाठ असतात आणि ते हूल द्यायला त्या वापरतात.

न दिसलेलं मरण

‘द सोप्रानोज’मधल्या एड्रियानाच्या प्रसंगात ती रांगत चौकटीबाहेर जाते, मागोमाग टोळीतला सिल्व्हिओ, आणि गोळी नुसती ऐकू येते. मृतदेह दिसत नाही. त्यामुळे ती वाचली असेल अशी आशा प्रेक्षकांनी बरीच वर्षं धरली. अशा वेळी तीन गोष्टी तपासा: मृतदेह दिसला का, खोटं बोलायचं कारण नसलेल्या कुणी दुजोरा दिला का, आणि बाकीच्यांचं वागणं कायमचं बदललं का. इथे पहिली नाही. पण तिची गाडी विमानतळाच्या पार्किंगमध्ये सोडून दिली जाते, आणि तिचा होणारा नवरा ख्रिस्तोफर त्यानंतर ती परत येणारच नाही असा वागतो. तिसरी गोष्ट इतकी भक्कम असेल तर पहिलीशिवाय चालतं.

उलट उदाहरण त्याच मालिकेच्या तिसऱ्या सीझनमधल्या अकराव्या भागातलं. बर्फाळ जंगलात टोळीतला पॉली आणि ख्रिस्तोफरच्या तावडीतून निसटलेला व्हॅलेरी पुढे कधीच दिसला नाही. तिन्हींपैकी एकही खूण नाही, म्हणजे निकालही नाही. काही धागे लेखक सोडूनच देतात. एखादा धागा दोन सीझन कुणीच उचलला नाही तर त्याच्यावरची थिअरी बाजूला ठेवा.

पडद्याबाहेरचा पुरावा

करार, नव्या कामाची बातमी, श्रेयनामावलीतलं नाव हे सगळं पुरावाच, पण वहीत त्याला वेगळं पान द्या. ‘डॅलस’मध्ये २१ मार्च १९८० ला मुख्य पात्र जे. आर.ला गोळी लागली आणि ती कुणी झाडली हे कळायला २१ नोव्हेंबर उजाडला. मधल्या काळात जे. आर. साकारणाऱ्या लॅरी हॅगमनच्या मानधनाची घासाघीस चालू होती, त्यामुळे जे. आर. जगणार का हे पटकथेइतकंच करारावर अवलंबून होतं. गुपित फुटू नये म्हणून गोळी झाडणारी वेगवेगळी माणसं दाखवणारे प्रसंगही चित्रित केले होते. म्हणजे सेटवरून बाहेर आलेली खरी बातमीसुद्धा दिशाभूल करू शकते. आणि फुटलेली पटकथा वाचून केलेला अंदाज हा अंदाज नव्हेच. तो इतरांना सांगूही नका.

आकडा लावा

‘नक्की मरणार’ या शब्दांना माप नाही. टक्के लिहा. सुरुवात मालिकेच्या आजवरच्या हिशेबावरून करा: १२ मुख्य पात्रं, तीन सीझनमध्ये तिघं गेली, म्हणजे एका सीझनमध्ये एखाद्या पात्राची जायची शक्यता साधारण ८ टक्के. इथून वर चढायला पुरावा लागतो. दोन-तीन चांगले धागे मिळाले तर २५-३० पर्यंत जा. ८० म्हणायला दारं बंद झालेली हवीत. मग उरलेले पर्याय भरा: मरण ४०, तुरुंग २५, परागंदा १५, सुटका १०, मोकळा शेवट १०. बेरीज १०० झालीच पाहिजे. ती करताना आपण एखाद्या पर्यायावर किती उगाच भाळलो होतो ते कळतं.

साखळीदार थिअरीत हमखास फसगत होते. ‘तिला टेप सापडेल, मग ती भावाला सांगेल, मग तो मालकाला मारेल.’ प्रत्येक कडी ७० टक्के खरी धरली तरी तिन्ही मिळून ०.७ × ०.७ × ०.७, म्हणजे ३४ टक्के. ऐकायला गोष्ट जितकी सलग वाटते तितकी ती घडण्याची शक्यता कमी.

सीझन संपला की गुण मोजा. हवामानशास्त्रज्ञ ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये मांडलेली रीत इथे चपखल बसते: तुम्ही दिलेली शक्यता वजा निकाल (घडलं तर १, नाही तर ०), आणि त्याचा वर्ग. ७० टक्के म्हणालात आणि घडलं, तर ०.०९, घडलं नाही, तर ०.४९. सरासरी जितकी कमी तितकं चांगलं. सगळीकडे ५० टक्के लिहिणाऱ्यालाही ०.२५ मिळतात, तेव्हा तुमची सरासरी त्याच्या वर गेली तर कुठे घसरलात ते शोधा. बहुतेक वेळा घसरण आवडत्या पात्राच्या पानावर सापडते. त्याच्यासाठी आपण पुरावा शोधत नाही, पळवाट शोधतो. यावर एक उपाय चालतो: त्या पात्राचं पान अशा मित्राला भरायला द्या ज्याला ते पात्र आवडत नाही.

प्रत्येक अंदाजाखाली तारीख आणि ‘हे दिसलं तर मी चुकलो’ अशी एक ओळ आधीच लिहा. नंतर शब्द फिरवायला जागा राहत नाही.

मोकळ्या शेवटाला गुण देऊ नका. १० जून २००७ ला ‘द सोप्रानोज’ संपली तेव्हा तिचा नायक, माफिया टोळीचा म्होरक्या टोनी रेस्टॉरंटमध्ये बसला होता. दाराची घंटा वाजते, तो वर बघतो, मग त्याला काय दिसतं ते आपल्याला दिसतं. हा क्रम पुन्हा पुन्हा येतो. शेवटची घंटा वाजते, तो वर बघतो, आणि पडदा काळा. आवाजही नाही. ‘मेंबर्स ओन्ली’ या ब्रँडचं जॅकेट घातलेला माणूस त्याआधी स्वच्छतागृहात गेलेला आहे. गोळी लागते तेव्हा ती ऐकूही येत नसावी, असं त्याचा मेहुणा बॉबी सहाव्या सीझनच्या दुसऱ्या टप्प्याच्या पहिल्या भागात होडीत म्हणालेला आहे, आणि शेवटून दुसऱ्या भागात टोनीला ते पुन्हा आठवलेलं आहे. वहीत हे चारही पुरावे भाग आणि मिनिटासह लिहा, कल कुठे झुकतो तेही लिहा, आणि निकालाचा रकाना रिकामा ठेवा.